मदत हवी आहे: सॅलरी कॅपच्या आत येण्यासाठी क्वार्टरबॅकचा करार फिरवावा की एज रशरला सोडावे?

नमस्कार.

आम्ही काही मित्र गेली चार वर्षे अमेरिकन फुटबॉलची एक काल्पनिक लीग चालवत आहोत. त्यातील खेळाडू काल्पनिक आहेत, परंतु वेतन, करार आणि मुदतींचे नियम आम्ही एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या २०२० च्या सामूहिक करारातून (लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारातून) घेतले आहेत आणि सॅलरी कॅपही, म्हणजे संघाच्या एकूण वेतनखर्चाची वरची मर्यादाही, २०२५ च्या हंगामाचीच, प्रत्येक संघासाठी २७.९२ कोटी डॉलर ठेवली आहे. एका संघाचा जनरल मॅनेजर म्हणून मी काम पाहतो. मार्चमध्ये नवे लीग वर्ष सुरू होते त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत असावाच लागतो, आणि आज माझा संघ १.८ कोटी डॉलरने बाहेर आहे. गेले दोन आठवडे मी रोज हा हिशेब मांडतो आहे आणि तो दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतो, म्हणून आकड्यांसह येथे विचारत आहे.

पहिला खेळाडू क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा. वय २९, पाच वर्षांचा करार, त्यातले हे तिसरे वर्ष. करार करताना त्याला ५ कोटींचा साइनिंग बोनस दिला होता. साइनिंग बोनस खेळाडूच्या हाती लगेच पडत असला तरी कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, समान वाटला जातो, त्यामुळे त्याचा भार दरवर्षी १ कोटी आहे. मूळ वेतन यंदा ३.२ कोटी, पुढील वर्षी ३.६ आणि शेवटच्या वर्षी ३.८ कोटी. म्हणजे यंदा त्याचा कॅपवरचा एकूण भार ४.२ कोटी होतो.

करार फिरवून त्याच्या मूळ वेतनातील ३ कोटी बोनसमध्ये बदलले, तर ते उरलेल्या तीन वर्षांत १ कोटीप्रमाणे वाटले जातील आणि यंदा २ कोटी मोकळे होतील. कराराच्या शेवटी दोन व्हॉइड वर्षे, म्हणजे तो प्रत्यक्षात कधीच खेळणार नाही अशी केवळ कागदावरची वर्षे, जोडली तर वाटणी पाच वर्षांत होईल, दरवर्षी ६० लाख पडतील आणि यंदा २.४ कोटी मोकळे होतील. मात्र पहिल्या मार्गाने पुढील वर्षी त्याचा भार ५.६ कोटी होतो आणि दुसऱ्या मार्गाने ५.२ कोटी; शिवाय दुसऱ्या मार्गात करार संपताच उरलेले १.२ कोटी डेड मनी, म्हणजे दिलेल्या बोनसची कॅपमध्ये मोजावीच लागणारी उरलेली रक्कम, म्हणून एकदम अंगावर येतात, तेव्हा तो आमच्याकडे असो वा नसो.

दुसरा खेळाडू एज रशर, म्हणजे कडेने धावून प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला गाठणारा बचावपटू. वय ३१, चार वर्षांच्या करारातील तिसरे वर्ष. साइनिंग बोनसचा वाटा वर्षाला ६० लाख आणि यंदाचे मूळ वेतन १.४ कोटी, असा एकूण भार २ कोटी. हे वेतन अजून हमीचे नाही, पण लीग वर्षाच्या तिसऱ्या दिवशी ते पूर्ण हमीचे होईल, त्यामुळे निर्णय लांबवता येत नाही. गेल्या हंगामात त्याचे साडेसात सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) होते. त्याला आत्ता सोडले तर उरलेल्या दोन्ही वर्षांचे बोनसचे वाटे, एकूण १.२ कोटी, यंदाच मोजले जातात आणि केवळ ८० लाख वाचतात. त्याला १ जूननंतर सोडल्याची नोंद केली तर यंदा ६० लाख आणि पुढील वर्षी ६० लाख अशी विभागणी होऊन यंदा १.४ कोटी वाचतात. ही नोंद मार्चमध्येच करता येते, त्यामुळे मी माझ्या तक्त्यात १.४ कोटी धरले आहेत.

तिसरा खेळाडू लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचे डावीकडून रक्षण करणारा, आणि खरा जीव अडकला आहे तो त्याच्यात. वय २६, रुकी करार, म्हणजे नवोदित म्हणून केलेला पहिला करार, पाचव्या वर्षाच्या पर्यायासह पूर्ण झालेला. त्याला फ्रँचाइझ टॅग लावला, म्हणजे ठरावीक वेतनावर एका वर्षासाठी राखून ठेवले, तर २.३४ कोटींचा भार पडतो. त्याऐवजी पाच वर्षांचा करार, ३ कोटींचा साइनिंग बोनस आणि पहिल्या वर्षी २० लाख मूळ वेतन अशी रचना मान्य झाली, तर यंदाचा भार केवळ ८० लाख होईल. आमच्या लीगमध्ये एजंटची भूमिका संचालक करतात आणि ते सहजासहजी मान्य करत नाहीत.

माझी बेरीज अशी आहे: टॅकलने करार केला तर २.६ कोटी मोकळे करावे लागतील, आणि क्वार्टरबॅकचे २ अधिक रशरचे १.४ मिळून ३.४ कोटी होतात, म्हणजे प्रश्नच उरत नाही. टॅग लावावा लागला तर ४.१४ कोटी हवेत. तेव्हा व्हॉइड वर्षे धरून २.४ अधिक १.४ मिळून ३.८ कोटी होतात आणि ३४ लाख कमी पडतात.

आकड्यांपलीकडे एक मूळ शंका आहे. व्हॉइड वर्षांच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की कॅप दरवर्षी वाढते, त्यामुळे आजचा डॉलर तीन वर्षांनी हलका होतो. १९९४ मध्ये ही मर्यादा प्रथम आली तेव्हा ती ३.४६ कोटी होती. २०२४ मध्ये २५.५४ कोटी आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाली, हे पाहता युक्तिवाद पटतो. पण महासाथीच्या फटक्यानंतर ती २०२० च्या १९.८२ कोटींवरून २०२१ मध्ये १८.२५ कोटींवर घसरली होती, आणि ज्यांनी पुढच्या वाढीच्या भरवशावर रक्कम ढकलली होती त्यांची त्या वर्षी कोंडी झाली. डेन्व्हर ब्रॉन्कोजने मार्च २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडले तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटींचा डेड मनी त्यांना सोसावा लागला, तोही त्याने त्यांच्याकडे केवळ दोन हंगाम खेळल्यावर. मला संघ असा गहाण टाकायचा नाही. ज्यांनी हे नियम बारकाईने अभ्यासले आहेत त्यांनी माझी मांडणी तपासून द्यावी, ही विनंती.

प्रतिसाद १

आपली मांडणी स्वच्छ आहे, पण दोन ठिकाणी हिशेब चुकतो आहे, आणि पहिली चूक मोठी आहे.

१ जूननंतरची नोंद मार्चमध्ये करता येते हे खरे आहे (एका संघाला अशा दोनच नोंदी करता येतात), आणि खेळाडू त्याच दिवशी मोकळाही होतो. परंतु त्याचा कॅपवरचा पूर्ण भार १ जून उलटेपर्यंत आपल्याच तक्त्यात राहतो. म्हणजे मार्चमध्ये रशरचे २ कोटी तसेच मोजले जातील आणि वाचलेले १.४ कोटी आपल्याला जूनमध्ये दिसतील. ज्या मुदतीसाठी आपण धडपडत आहात तिच्यासाठी या नोंदीचा उपयोग शून्य आहे. ही सवलत जूननंतर रुकींचे करार आणि हंगामातील दुखापती यांसाठी पैसे हवे असणाऱ्या संघांच्या कामाची असते.

दुसरी चूक लहान आहे. हंगामाबाहेर कॅपमध्ये सर्वाधिक भार असलेले ५१ खेळाडूच धरले जातात. रशर गेला की ५२ वा खेळाडू मोजणीत येतो, आणि तो किमान वेतनावरचा असला तरी त्याचे ८.४ लाख जमा होतात. त्यामुळे आत्ता सोडल्यास ८० नव्हे तर ७१.६ लाखच वाचतात. उलट टॅकल यादीत आला की ५१ वा बाहेर जातो आणि तितकाच दिलासा मिळतो. या दोन दुरुस्त्या केल्यावर करार झाल्यास आपल्याला २.५१६ कोटी हवेत आणि टॅग लावल्यास ४.०५६ कोटी.

आता माझा सल्ला. रशरला सोडूच नका. त्याच्याशी वेतनकपातीची बोलणी करा. मूळ वेतन १.४ कोटींवरून ७० लाखांवर आणा आणि दहा सॅक झाल्यास ५० लाखांचा प्रोत्साहन बोनस ठेवा. गेल्या हंगामात त्याचे साडेसातच सॅक असल्याने दहाची अट ‘मिळण्याची शक्यता नाही’ या वर्गात मोडते आणि यंदाच्या कॅपमध्ये धरली जात नाही. त्याने ती पूर्ण केली तर ती रक्कम पुढील वर्षाच्या कॅपमधून वळती होते. सोडल्यावर ७१.६ लाख वाचतात, ठेवल्यावर ७० लाख. दीड लाखाच्या फरकासाठी चांगला खेळाडू घालवण्यात अर्थ नाही. वयाच्या ३१ व्या वर्षी बाहेर १.४ कोटी कोणी देणार नाही, हे त्याच्या एजंटलाही ठाऊक असते.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत व्हॉइड वर्षे टाळा, पण करार नक्की फिरवा. पैसे आधी हातात येत असल्याने खेळाडूची सहसा हरकत नसते. तो २९ वर्षांचा आहे आणि पुढील वर्षी ५.६ कोटींचा भार येईल तेव्हा आपण त्याचा करार वाढवणारच असाल. विल्सनच्या उदाहरणातला धडा व्हॉइड वर्षांपुरता नाही: ज्या खेळाडूबद्दल मनात शंका आहे त्याच्यावर रक्कम पुढे ढकलू नये, हा तो धडा आहे. आपल्याला शंका आहे ती रशरबद्दल, म्हणून त्याच्या करारात बोनस वाढवू नका.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. टॅग देऊ केल्याच्या क्षणापासून त्याचा पूर्ण भार कॅपमध्ये धरला जातो. खेळाडूने त्यावर सही केली नसली तरीही. टॅग लावून ठेवावा आणि सावकाशीने बोलणी करावीत असे वाटत असेल, तर आधी ती जागा कोठून येणार हे ठरवा. दीर्घ कराराची मुदत जुलैच्या मध्यापर्यंत असते, पण तोपर्यंत २.३४ कोटी अडकून राहतात. आपल्या रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा सेंटर (आक्रमण फळीच्या मध्यावरचा) यांपैकी कोणाचे वेतन फिरवता येण्यासारखे आहे का?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जूनच्या नोंदीबद्दलची माझी समजूत मुळातच चुकीची होती आणि संपूर्ण योजना तिच्यावर उभी होती.

नवा हिशेब असा आहे. टॅकलने करार केला तर २.५१६ कोटी हवेत. क्वार्टरबॅकचे २ आणि रशरचे ७० लाख मिळून १८.४ लाख शिल्लक राहतात. टॅग लावावा लागला तर रिसीव्हर मदतीला येतो: त्याच्या कराराची चार वर्षे उरली आहेत आणि यंदाचे मूळ वेतन १.७ कोटी आहे. त्यातील १.५ कोटी बोनसमध्ये बदलले तर यंदा १.१२५ कोटी मोकळे होतात. त्यात रशरचे ७० लाख आणि क्वार्टरबॅकचे व्हॉइड वर्षांसह २.४ कोटी मिळवले की ४.२२५ कोटी होतात आणि १६.९ लाख उरतात. म्हणजे मार्ग आहे, पण त्यासाठी ज्या गोष्टी टाळायच्या होत्या त्या सर्व एकाच वर्षी कराव्या लागतील.

म्हणून टॅगची मुदत संपण्याच्या चार दिवस आधी टॅकलपुढे अंतिम प्रस्ताव ठेवण्याचे मी ठरवले आहे. ३ कोटींचा बोनस ३.५ कोटी केला तरी यंदाचा भार केवळ १० लाखांनी वाढतो आणि तेवढी जागा आता आहे. मूळ वेतनाऐवजी दुसऱ्या वर्षाची हमी वाढवून दिली तर एजंट लवकर तयार होतात, असा कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे; प्रस्तावाचा मसुदा मी रविवारी पाठवणार आहे.