९० मीटरवरची मोटर घुमते पण उचलत नाही, केबल कितीची टाकू?

मंडळी, विहिरीवर १ एचपीची सिंगल फेज मोटर आहे, बोर्डापासून ९० मीटर, अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची केबल. स्टार्टर दाबला की नुसती घुमते (घुं आवाज करते), कधी उचलते म्हणजे फिरायला लागते, कधी नाही. कपॅसिटर नवीन टाकला तरी तेच. एक वायरमन म्हणतो चारची टाका, दुसरा म्हणतो सरळ दहाची. हा हिशोब नक्की करायचा कसा?

—

हिशोब सोपा आहे हो, अंदाजाने वायर घेऊच नका. अडीचच्या तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम, पण करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो म्हणून लांबी ९० नाही तर १८० मीटर धरायची, इथेच बरेच जण चुकतात. म्हणजे साधारण १.३३ ओहम. चालू मोटर ७ अँपिअर घेत असेल तर ७ गुणिले १.३३, ९.३ व्होल्ट गेले, २३० च्या ४ टक्के. दिव्यांना ३ आणि बाकीला ५ टक्क्यांपर्यंत घट चालते असं धरतात, त्या मानाने चालून जातंय. खरी गोम सुरू होताना आहे, तेव्हा करंट पाचपट सहज जातो, ३५ धरला तर ४७ व्होल्ट वाटेतच पडतात आणि मोटरला मिळतात १८३. टॉर्क (फिरवायचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो त्यामुळे जोर राहतो ६३ टक्के. सहाची केबल (३.०८ ओहम) टाकली तर सुरू होताना १९ व्होल्टच पडतील. दहाची गरज नाही.

—

थांबा, केबल घ्यायच्या आधी मोजा. मोटर चालू असताना बोर्डावर किती आणि मोटरच्या टर्मिनलवर किती, दोन्ही. बंद मोटरवर मोजून काही कळत नाही, करंटच नाही तर ड्रॉप (व्होल्टेजची घट) कुठला. आणि लाइन जिवंत असते, सवय नसेल तर वायरमनलाच मोजू द्या.

—

मोजलं. बोर्डावर २२४, मोटरवर २०६, क्लॅम्प मीटर ७ अँपिअर दाखवतोय.

—

मग १८ पडतायत, हिशोबाने ९ च पडायला हवेत. उरलेले जवळपास ९ व्होल्ट कुठल्यातरी एका जागी जातायत, ९ गुणिले ७ म्हणजे ६० वॉटच्या वर उष्णता तिथे तयार होतेय. मधे जॉइंट आहे का? मेन बंद करून बघा, आजच बघा.

—

सापडला! निम्म्या वाटेवर पिळा मारून टेप गुंडाळलेला जॉइंट होता, टेप काळी पडून कडक झालेली आणि आतलं तांबं हिरवट. मेन बंद करून कापून काढला, क्रिंपचा (दाबून घट्ट बसवलेला) जॉइंट करून वॉटरप्रूफ स्लीव्ह चढवली. आता मोटरवर २१५ येतात. दुपारी लगेच उचलते, संध्याकाळी बोर्डावरच व्होल्टेज कमी असतं तेव्हा अजून अडखळते.

—

तो सुरू होतानाचा ड्रॉप, त्याला सहाचीच केबल. अॅल्युमिनियम घेणार असाल तर दहाची घ्या, त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. आणि मोटरच्या टर्मिनलमध्ये जाड वायर बसते का आधी बघून घ्या, बसत नाही म्हणून चार तारा छाटल्या की तिथेच पुन्हा तापायला लागतं.