विषय : आई-बाबा व मुलांसह कोलोराडोतील स्की रिसॉर्टची निवड

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

मार्चमध्ये मुलांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागेल, तेव्हा सहकुटुंब कोलोराडोला जाऊन स्कीइंग शिकावे असा आमचा विचार आहे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. आम्ही चौघेही या खेळात अगदी नवखे आहोत. माझे आई-बाबा ऑक्टोबरमध्ये नाशिकहून आले असून एप्रिलच्या आरंभी परत जातील. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे आणि बाबांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. तरीही त्यांना घरी ठेवून जाणे मनाला पटत नाही, कारण एकदा तरी बर्फ पडताना पाहावा ही आईची फार जुनी इच्छा आहे. व्हेल, ब्रेकेनरिज, कीस्टोन, विंटर पार्क ही नावे सतत कानांवर पडतात, पण त्यांतून निवड कशी करावी हे उमजत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शुगर लँडहून (ह्यूस्टनजवळ) एक सभासद

*

सप्रेम नमस्कार.

ह्यूस्टनला येण्यापूर्वी आम्ही ९ वर्षे डेन्व्हरजवळ राहत होतो, त्या अनुभवावरून लिहितो. बहुतेक लोक उतार किती आहेत आणि रिसॉर्टचे नाव किती मोठे आहे हे पाहून ठरवतात. तुमच्या बाबतीत मात्र रात्री मुक्कामाचे गाव किती उंचावर आहे, हे मी सर्वांत आधी पाहीन. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर वसलेले आहे आणि डोंगर त्याच्या पुढे सुरू होतात. व्हेल गाव ८,१५० फुटांच्या आसपास, विंटर पार्क आणि कीस्टोन यांचे पायथे ९,००० फुटांवर किंवा त्याहून थोडे वर, तर ब्रेकेनरिज गाव ९,६०० फुटांवर आहे. तेथे समुद्रसपाटीच्या तुलनेत प्रत्येक श्वासागणिक सुमारे तीन दशांश प्राणवायू कमी मिळतो.

माझ्या आईला आम्ही अशाच एका उंच गावी विमानतळावरून थेट नेले होते. पहिल्याच रात्री तिचे डोके ठणकू लागले, मळमळ थांबेना, झोप तर लागलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला डेन्व्हरला खाली आणले आणि संध्याकाळपर्यंत ती सावरली, पण बर्फ म्हणून तिने जे पाहिले ते खोलीच्या खिडकीतूनच. त्याची हळहळ मला आजही वाटते, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते तुम्ही स्टीमबोट स्प्रिंग्सला जावे. गाव सुमारे ६,७०० फुटांवर आहे, म्हणजे मुक्कामाच्या उंचीत ब्रेकेनरिजपेक्षा जवळजवळ ३,००० फुटांचा फरक पडतो. नवशिक्यांसाठी डोंगराच्या मध्यावर ग्रीनहॉर्न रँच नावाचा शिकण्याचा स्वतंत्र भाग २०२२ च्या हिवाळ्यात सुरू झाला असून तेथे गोंडोलाने (तारेवरून चालणाऱ्या बंद पाळण्याने) जाता येते, त्यामुळे वेगाने येणाऱ्या तरबेज लोकांची भीती मुलांना राहत नाही. आई-बाबांसाठी भर गावात गरम पाण्याची कुंडे आहेत. शिवाय १९१५ पासून अखंड चालू असलेली हॉवेल्सन हिल ही जुनी स्की टेकडीही गावालगतच आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहून मुलांचा सराव पाहण्यात त्यांचा वेळ छान जाईल.

प्रवासाचा प्रश्न उरतो. डेन्व्हरहून मोटारीने साडेतीन तास धरावेत, आणि शेवटी रॅबिट इअर्स ही ९,४२६ फुटांवरची खिंड ओलांडावी लागते. आय-७० महामार्गाच्या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात बर्फाला योग्य टायर किंवा चाकांना लावायच्या साखळ्या असणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा भाड्याची गाडी घेताना टायर स्वतः तपासावेत. बर्फात गाडी चालवण्याची सवय नसेल, तर हिवाळ्यात स्टीमबोटजवळील हेडन विमानतळावर मोठ्या शहरांतून थेट विमाने येतात. तिकीट महाग पडले तरी मी तोच मार्ग निवडेन.

दुसरा पर्याय म्हणजे मुक्काम डेन्व्हरलाच ठेवून एक दिवस विंटर पार्कला आगगाडीने जाणे. हिवाळ्यात ठरावीक दिवशी युनियन स्टेशनहून सुटणारी ही गाडी ६.२ मैलांच्या मॉफट बोगद्यातून बाहेर पडते आणि थेट रिसॉर्टच्या दाराशी थांबते. मात्र एका दिवसात मुले पडायला आणि उठायला शिकतील, स्कीइंग शिकणार नाहीत. त्यांना किमान तीन दिवस वर्गात घालावे. नवख्यांनी हंगामाचा पास घेऊ नये. धडा, लिफ्ट (उताराच्या माथ्याकडे नेणारे पाळणे) आणि साहित्य यांचे एकत्रित शुल्क आगाऊ भरणे बरे.

केटीहून एक सभासद

*

नमस्कार.

वरील मताशी मी एक डॉक्टर म्हणून सहमत आहे. स्टीमबोटलाही थेट न जाता पहिली रात्र डेन्व्हरला काढता आली तर अधिक चांगले. गावापेक्षा रिसॉर्टचा माथा बराच उंच, १०,५६८ फुटांवर आहे. तेव्हा पहिले दोन दिवस आई-बाबांनी गोंडोलाने वर जाऊ नये. बाबांच्या गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवाव्यात. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते, परंतु ते त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी आणि खाली उतरावे. त्यांच्या प्रवासी विम्यात पूर्वीपासूनचा रक्तदाब समाविष्ट आहे का, तेही आजच पाहून घ्यावे.

पेअरलँडहून एक सभासद

*

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपली पत्रे काल रात्री आई-बाबांना वाचून दाखवली. स्टीमबोट नक्की केले आहे : एक रात्र डेन्व्हर, तेथून हेडनला विमानाने आणि पुढे पाच रात्री. विम्याची कागदपत्रे तपासली असता रक्तदाब त्यात समाविष्ट नसल्याचे आढळले, त्यामुळे आज नवीन विम्यासाठी चौकशी केली. ह्यूस्टनमध्ये बर्फाचे कपडे विकत घेणे जिवावर येते, म्हणून एक विनंती : ६ आणि ११ वर्षांच्या मुलांना होतील अशा स्नो पँट आणि हातमोजे कोणाकडे असल्यास आठवडाभरासाठी द्यावेत, स्वच्छ धुऊन गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात परत करीन.

कळावे, लोभ असावा.

शुगर लँडहून तोच सभासद