मदत हवी आहे: आई-बाबांसोबत नामिबिया, ऑगस्टमध्ये

नमस्कार मंडळी. विंडहुकला गाडी भाड्याने घेऊन सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, समुद्रकाठचं स्वाकोपमुंड आणि शेवटी इटोशा राष्ट्रीय उद्यान, असा बेत आहे. फिश रिव्हर कॅन्यन पार दक्षिणेला, म्हणून मन घट्ट करून सोडलाय.

सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेईतली शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं कोवळ्या उन्हात बघायचीच आहेत. तिथल्या उद्यानाच्या सेसरिएम फाटकाच्या आत मुक्काम केला तर सूर्योदयाआधी निघता येतं. पण शेवटचे पाचेक किलोमीटर मऊ वाळू. गाडी फोर बाय फोर (चारही चाकं इंजिनाने फिरणारी) असली तरी स्वतः न्यावी, की तिथल्या शटलने जावं? बाबा सत्तरीचे आहेत, पुढची वाळूतली चाल त्यांना झेपेल का?

इटोशात कोरड्या हंगामात प्राणी पाणवठ्यांवर येतात. तिथल्या ओकाकुएयो कॅम्पला दोन रात्री पुरतील? खडीच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्यांनी जरूर लिहा.