मदत हवी आहे: उथळ पाण्यातल्या टँकरच्या मॉडेल चाचणीसाठी जागा (सांगली-मिरज परिसर)

नमस्कार मंडळी. खाडीत चालणाऱ्या छोट्या तेलवाहू जहाजाचं १:२५ मॉडेल कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये तयार आहे. मूळ जहाज ७५ मी. लांब, १५ मी. रुंद, ड्राफ्ट (पाण्यात बुडणारी खोली) ३.२ मी., ब्लॉक कोएफिशंट (बुडालेला भाग त्याच मापाच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो) ०.८५. मॉडेल ३ मी. लांब, भरल्यावर १९६ किलो.

प्रश्न स्क्वाटचा आहे. उथळ पाण्यात वेग वाढला की तळाखालचं पाणी जोरात वाहतं, दाब घटतो आणि जहाज खाली बसतं. असं भरल्या अंगाचं जहाज नाकाकडे जास्त. ४.२ मी. खोलीत ८ नॉटला (ताशी सुमारे १५ किमी) स्क्वाटसाठीच्या बॅरासच्या ढोबळ सूत्राने (०.८५ × ८² ÷ १००) ५४ सेंमी, म्हणजे तळाखालच्या १ मी. मोकळिकीतली निम्मी संपली. अरुंद पाण्यात हाच आकडा दुप्पट, थेट तळाला लागतं. म्हणून कालवा सुचवू नका. मोकळ्या पाण्याचा आकडा हवा तर रुंदी मॉडेलच्या आठपट, ४.८ मी. तरी लागते, शिवाय पाणी स्थिर हवं.

तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेचं शेततळं मिळेल का? सरळ धाव २५ मी., वेग ०.८२ मी. प्रति सेकंद (जहाजाचे ८ नॉट मॉडेलच्या प्रमाणात). खोली फक्त १६.८ सेंमी हवी, त्यामुळे आत प्लायचा खोटा तळ टाकावा लागेल, ८×४ च्या चाळीसेक शीट. महाग आहे, पण इलाज नाही. तळाला ५ मिमी झोल आला तरी जहाजाच्या हिशेबात साडेबारा सेंमी, मग मापाला अर्थ उरत नाही.

१८ मिमी मरीन प्लायला आधार किती अंतरावर द्यावेत? आणि प्लाय तरंगू नये म्हणून वजन कुठे ठेवावं, अस्तराचा कागद न फाटता? सपाट तळाची मोठी टाकी कुणाकडे असेल तर तीच आधी सांगा.