‘कोट्टुक्काळी’: मीना गप्प, मग सिनेमा कोणाचा?

अर्धवट प्रेक्षक
पी. एस. विनोदराजचा तमिळ ‘कोट्टुक्काळी’ (2024) बघितला आणि डोकं भणभणलंय. गोष्ट एवढीशीच. मदुराईकडचं खेडं. कॉलेजात शिकलेल्या मीनाचं खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलावर मन बसलंय. घरच्यांच्या मते तिला बाहेरचं लागलंय. म्हणून रिक्षात घालून देवऋषाकडे न्यायचं, बाधा उतरवायची आणि पांडीशी लग्न लावून मोकळं व्हायचं. पांडी नात्यातला, तिच्यावर आधीपासून हक्क सांगून बसलेला ‘मुरै मामन’. रिक्षात बायका, मागेपुढे मोटारसायकलींवर बाप्ये, सोबत देवऋषासाठी कोंबडा.

अ‍ॅना बेनची मीना अख्ख्या सिनेमात एकच वाक्य बोलते. इथवरही ठीक. पण शेवटी देवऋषी बाधा उतरवायच्या नावाखाली दुसऱ्याच एका मुलीच्या अंगाशी काय चाळे करतो ते पांडी बघतो, चलबिचल होतो, आणि सिनेमा संपतो. म्हणजे आपण घरी जाताना विचार कसला करायचा, तर पांडी आता काय करेल! मुस्कटदाबी बाईची आणि निकाल द्यायला बाप्या. मला हे पटलं नाही.

सुमाताई
अहो, तिला बोलून काय मिळणार होतं? त्या घरात तिचं बोलणं म्हणजे भूत बोलतंय, एवढाच अर्थ लागला असता. तिने आपलं काम आधीच केलंय: नाही म्हटलंय, आणि त्यावरून हललेली नाही. एवढी वरात काढावी लागली ती त्याच्यामुळेच. रिक्षातली तिची नजर बघा. घाबरलेली नाहीये ती, कंटाळलीये या लोकांना.

कऱ्हाडचा पाव्हणा
नजर बघून बघून माझीच नजर लागायची वेळ आली. पार्श्वसंगीत नाही, रिक्षाची घरघर ऐका. हा महोत्सवांचा सिनेमा, बर्लिनला गाजला, छान. 23 ऑगस्टला थिएटरात, त्याच दिवशी आलेल्या ‘वाळै’ या तमिळ सिनेमासमोर लावायचं काय नडलं होतं?

सुमाताई
शिवकार्तिकेयनसारख्या गल्लाभरू नटाने पैसे घातले आणि सूरीसारख्या विनोदी नटाला पांडी केलं, ते लोकांनी बघावा म्हणूनच ना? महोत्सवातल्या लोकांना कशाला सांगायचंय हे?

तिखटमीठ
मुद्द्यावर येऊ. रस्त्यात गाणं वाजत असतं आणि मीना ते नुसतं पुटपुटते. बस, तेवढ्यावर पांडीचं टाळकं सरकतं. घसा बसलाय, गळ्याला चुना फासलाय, आवाज फुटत नाही, पण हात चालतो. मीनाला बडवतो, मध्ये पडलेल्या बायकांनाही सोडत नाही. आणि मग? सगळे परत रिक्षात बसतात आणि पुढे निघतात! मार खाल्लेल्या बायकासुद्धा मीनाला घेऊन त्याच देवऋषाकडे. एकीलाही वाटत नाही की आपण इथेच उतरावं. सिनेमाचं खरं दुखणं हे आहे. धागाकर्ते शेवटच्या पाच मिनिटांत अडकलेत.

अर्धवट प्रेक्षक
तो प्रसंग जबरदस्तच आहे, वाद नाही. पण त्यातही कॅमेऱ्याला ओढ पांडीचीच. त्याचा घसा, त्याचा संताप, त्याची घुसमट. मीनाने त्या मुलात काय पाहिलं, कॉलेजात तिला कोणतं जग दिसलं, यातलं काहीच नाही.

वाचनमात्र
मला वेगळंच खटकलं. या सगळ्याच्या मुळाशी जात आहे, आणि सिनेमा तिथे फारच दबकत बोलतो. तमिळनाडूत 2016 साली उडुमलपेटला शंकर या दलित तरुणाला भर बसस्टँडवर कोयत्यांनी तोडलं. सोबत त्याची बायको कौसल्या होती, तीही जखमी झाली. तिच्या घरच्यांना लग्न मान्य नव्हतं. ती वाचली आणि स्वतःच्या आईबापांविरुद्ध कोर्टात उभी राहिली. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मीनाच्या त्या न दिसणाऱ्या मुलाची धास्ती वाटते. सिनेमाला ती पुरेशी वाटत नाही.

सुमाताई
वाचनमात्र, कौसल्या बोलू शकली कारण ती घराबाहेर पडली होती. मीना अजून रिक्षातच आहे. आणि हे ‘त्यांच्याकडे’ असतं अशा सुरात कोणी बोलू नये. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारेही आपल्याकडे कमी नाहीत.

कऱ्हाडचा पाव्हणा
हे मात्र खरंय. आमच्याकडे अमावास्येला देवऋषाच्या दारात गाड्या लावायला जागा नसते. आणि तो बैलाचा प्रसंग मला आवडला बरं का. रस्त्यात बैल आडवा, सगळे मिशीवाले हतबल, आणि एक चिमुरडी येऊन त्याला सहज घेऊन जाते.

तिखटमीठ
तोच मला सोपा वाटला. टाळ्यांसाठी घातलेला.

सुमाताई
टाळी कुठे वाजते? कुणी त्या पोरीला शाबास तरी म्हणतं का? पुन्हा गाड्या सुरू. आणि शेवटाबद्दल: पांडीच्या डोक्यात पहिल्यांदाच शंका शिरते, ते दाखवणं गरजेचं नाही का? बदलायचंय त्यानेच. मीनाने काय बदलायचं?

अर्धवट प्रेक्षक
शंका शिरली, मान्य. पण ताई, दुसऱ्याची मुलगी बघून त्याच्या पोटात कालवलं. मीनाला स्वतःच्या हाताने बडवत होता, तेव्हा का नाही कालवलं? दिग्दर्शकाने हे पांडीला विचारायला हवं होतं, आणि विचारायला मीना समोरच बसली होती.