नुकत्याच घेतलेल्या डिस्क आणि सहा मिनिटांचा हिशेब

रिळवेडा:

नमस्कार. गेल्या महिन्याभरात माझ्या कपाटात तीन नव्या डिस्कची भर पडली आणि तिन्हींनी मला या ना त्या कोड्यात टाकले आहे.

पहिली आहे एका जुन्या, गाण्यांनी भरलेल्या चित्रपटाची ब्लू-रे. (नाव मुद्दाम देत नाही, दिले तर सगळी चर्चा गाण्यांकडेच वळेल.) याच चित्रपटाची डीव्हीडी माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे. डीव्हीडीच्या वेष्टनावर १४४ मिनिटे छापलेली आहेत आणि ब्लू-रेच्या वेष्टनावर १५०. सहा मिनिटांत एक अख्खे गाणे आणि वर एखादा प्रसंग सहज मावतो, त्यामुळे इतकी वर्षे आपण कापलेला चित्रपट पाहत होतो की काय, अशी शंका आली. दोन्ही डिस्क आलटूनपालटून लावून पाहिल्या, पण गाळलेला प्रसंग काही केल्या सापडला नाही.

दुसरी डिस्क १९७० च्या दशकातल्या एका रहस्यपटाची, फोर-के (म्हणजे ब्लू-रेच्या चौपट चित्रबिंदू असलेली). चित्र आरशासारखे नितळ असेल अशी अपेक्षा होती, पण रात्रीच्या प्रसंगांत सबंध आकाशभर बारीक मुंग्या वळवळताना दिसतात. माझ्याकडची जुनी ब्लू-रे याहून स्वच्छ वाटते. तिसरी डिस्कही फोर-केच आहे आणि ती दर वेळी सुमारे दीड तासानंतर एकाच ठिकाणी अडखळून थांबते.

आपण सर्वांनी अलीकडे काय घेतले, आणि जुनी आवृत्ती हाताशी असताना नवी घ्यायची की नाही हे आपण कशावरून ठरवता, तेही वाचायला आवडेल.

पडद्यामागचा:

तुमच्या सहा मिनिटांपासूनच सुरुवात करतो, कारण ती कोणी चोरलेली नाहीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने चित्रित होतो. भारतात आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या पॅल पद्धतीच्या दूरचित्रवाणीला मात्र सेकंदाला २५ चौकटी लागत, म्हणून त्या पद्धतीच्या डीव्हीडीवर बहुधा सगळा चित्रपटच किंचित वेगाने चालवून भरला जाई. २४ चा २५ झाला की कालावधी चार टक्क्यांनी घटतो, आणि १५० मिनिटांचे चार टक्के म्हणजे बरोबर सहा मिनिटे. एकही चौकट न कापता चित्रपट आखूड होतो तो असा. ब्लू-रेवर मूळची २४ चौकटींची गती जशीच्या तशी ठेवता येते, त्यामुळे तिथला कालावधी खरा मानावा.

या वेगवाढीने आवाजही चढतो. तो दुरुस्त करून न घेतल्यास पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी, पण कानाला जाणवेल इतकी वर सरकते. घरात पेटी असेल तर एक गाणे दोन्ही डिस्कवर लावून तिच्यावर ताडून पाहा.

आता मुंग्यांविषयी. त्या मुंग्या म्हणजेच तो चित्रपट आहे. फिल्मवर चित्र उमटते ते प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म कणांमुळे, आणि कमी उजेडात चित्रण करण्यासाठी जी जास्त संवेदनशील फिल्म वापरत, तिचे कण मोठे असत. म्हणून रात्रीच्या प्रसंगांत ते अधिक ठळक दिसतात. जुनी ब्लू-रे तयार करताना बहुधा संगणकाकडून हे कण पुसून घेतले असावेत. एकदा एवढेच करा की जुन्या डिस्कवर नायिकेच्या चेहऱ्याचा जवळून घेतलेला एखादा क्षण थांबवून पाहा. गालावरची रंध्रे, कपाळावरचे भुरभुरते केस आणि कानातल्या कुडीची नक्षी नव्या डिस्कवर दिसत असेल आणि जुनीवर चेहरा मेणाचा वाटत असेल, तर कणांबरोबर काय काय पुसले गेले ते वेगळे सांगायला नको. दूरचित्रवाणी संचाची शार्पनेस पातळीही शून्याच्या आसपास आणून ठेवा. कारखान्यातून ती बहुधा चढवूनच येते आणि कणांना कडा काढत बसते.

मी स्वतः नुकताच सत्यजित राय यांच्या अपूच्या तिन्ही चित्रपटांचा, क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेला संच घेतला. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. पुढे त्या ठिसूळ, एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्यांना पुन्हा ओलावा देऊन बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी त्यांचा वापरता येईल तेवढा भाग वाचवला, उरलेला भाग अन्यत्र जपलेल्या प्रतींवरून घेतला, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. ‘पथेर पांचाली’ पाहताना एका चौकटीतला धारदारपणा पुढच्या चौकटीत किंचित मऊ झालेला जाणवतो, आणि हा तुकडा आगीतून आलेला, हा दुसऱ्या प्रतीवरचा, असे मनाशी ओळखायचा मला नादच लागला आहे. (घरच्यांना हा नाद अजिबात आवडत नाही.)

नवी आवृत्ती घेताना मी वेष्टनावरचा ‘फोर-के’ हा शिक्का पाहतच नाही. स्कॅन कशावरून केले आहे, मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून की नंतरच्या एखाद्या प्रतीवरून, आणि रंग ठरवताना छायालेखक किंवा दिग्दर्शक उपस्थित होते का, एवढे शोधतो. २००० नंतरच्या अनेक चित्रपटांचे अंतिम संस्करणच टू-के या विभेदनात, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच चित्रबिंदूंत, झालेले आहे. त्यांच्या फोर-के डिस्कवर चित्र ताणून मोठे केलेले असते. एचडीआरमुळे (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या तंत्रामुळे) दिव्यांची झळाळी आणि रंगांची खोली सुधारू शकते, पण मुळात नसलेला तपशील कुठून येणार?

मध्यंतर:

अडखळणाऱ्या डिस्कविषयी थोडे सांगतो. फोर-के डिस्क बहुधा ६६ किंवा १०० जीबीच्या असतात आणि १०० जीबीच्या डिस्कमध्ये एकावर एक तीन थर असतात. एका थरावरून दुसऱ्यावर जाताना काही प्लेअर अडखळतात, आणि एकाच जागी थांबण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. दुसरे कारण अगदी साधे, बोटांचे ठसे. डीव्हीडीवर माहितीच्या थरापुढे ०.६ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक असते, तर ब्लू-रे आणि फोर-के डिस्कवर ते केवळ ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. पातळ तेलकट थर नव्या कोऱ्या डिस्कवरही कधी कधी असतो. चष्म्याच्या मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल फिरवून पुसू नका, कारण तसा पडलेला ओरखडा लेझरच्या वाटेवर लांबवर साथ करतो.

त्यानंतरही थांबली तर दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा. तिथे सुरळीत चालली तर दोष बहुधा डिस्कचा नाही. प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले आहे का तेही तपासा. आणि प्लेअर चांगला असेल तर त्याला जपा. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर आणण्यातून अंग काढून घेतले, त्यामुळे डिस्क मिळत राहतील पण ती लावायची कशावर, असा प्रश्न पडण्याचे दिवस फार दूर नाहीत.

माझी खरेदी मामुली आहे. दोन मूकपट घेतले, अजून उघडलेलेही नाहीत.

शेवटची रांग:

मी थोडा विरोधी सूर लावतो. एकच चित्रपट मी आधी टेपवर घेतला, मग व्हीसीडीवर (दोन डिस्क, आणि मध्यंतर म्हणजे उठून डिस्क बदलणे), मग डीव्हीडीवर आणि मग ब्लू-रेवर. पाचव्यांदा घेणार नाही, असे या वर्षी ठरवले आहे. माझा पडदा लहान आहे आणि मी बसतो दहा फुटांवर. एवढ्या अंतरावरून चांगली ब्लू-रे आणि फोर-के यांतला तपशिलाचा फरक माझ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसतो असे मानण्यासाठी नव्याने खर्च करणे मला पटत नाही.

ऑनलाईन सेवांवरच भागवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. फोर-के डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरही माहिती येऊ शकते, तर ऑनलाईन प्रवाह बहुधा १५ ते २५ मेगाबिटच्या घरात असतो. धुके, पाऊस, धूर अशा प्रसंगांत त्या प्रवाहाचे चौकोन सुटे होताना मीही पाहिले आहेत. आणि ज्याला तिथे ‘खरेदी’ म्हणतात, तो पाहण्याचा परवाना असतो. हक्कांचा करार संपला की चित्रपट यादीतून निघून जातो. म्हणून वर्षातून एकदा तरी पुन्हा पाहीन अशी खात्री असलेलेच चित्रपट मी डिस्कवर घेतो, आणि घेण्यापूर्वी पूरक साहित्याची यादी वाचतो. जुन्या डिस्कवरचे दिग्दर्शकाचे सहभाष्य (चित्रपट चालू असताना ऐकू येणारे त्याचे निवेदन) नव्या आवृत्तीतून गळालेले मी अनेकदा पाहिले आहे, त्यामुळे नवी आली म्हणून जुनी लगेच कोणाला देऊन टाकू नका.

रिळवेडा:

सर्वांचे आभार. काल रात्री पेटी काढली. ब्लू-रेवर गाण्याचा षड्ज नेमका पांढरी एकवर बसला. डीव्हीडीवर तो पांढरी एक आणि काळी एक यांच्यामध्ये कुठेतरी लटकत होता आणि कोणत्याच पट्टीला धड लागेना. मग घड्याळ लावून पाहिले. ब्लू-रेवर गाणे चार मिनिटे दहा सेकंदांचे आहे आणि डीव्हीडीवर बरोबर चार मिनिटांचे. पंधरा वर्षे मी ते दहा सेकंद आधीच संपवून गुणगुणत आलो आहे, त्यामुळे आता मूळ गतीच मला रेंगाळल्यासारखी वाटते.

अडखळणारी डिस्क पुसल्यावर एकदा पूर्ण चालली आणि दुसऱ्यांदा पुन्हा त्याच जागी थांबली. ती उद्या एका मित्राच्या प्लेअरवर लावून पाहणार आहे. मुंग्यांशी अजून पुरते जमलेले नाही, पण कुडीची नक्षी खरोखरच दिसली. डीव्हीडी भाच्याला देऊन टाकणार होतो. तिच्यावरचे सहभाष्य ब्लू-रेवर नाही हे आज यादी वाचल्यावर लक्षात आले, तेव्हा ती कपाटातच राहील.