मदत हवी आहे: रक्तकर्करोग संशोधकाची प्रकाशने, चार ठिकाणी चार आकडे

वाचनकक्ष:
मायलोमा आणि ल्युकेमियावर काम करणाऱ्या एका प्राध्यापकांची प्रकाशनसूची बढतीच्या अर्जासाठी तयार करायची आहे. लेखांच्या चार ऑनलाइन सूचींत वेगवेगळे आकडे येतात. गूगल स्कॉलरवर १८६ नोंदी आणि एच-इंडेक्स ३१ (म्हणजे ३१ लेखांचा प्रत्येकी किमान ३१ वेळा इतरत्र संदर्भ) दिसतो. वेब ऑफ सायन्सवर १४० नोंदी, एच-इंडेक्स २४. स्कोपसवर ६४ आणि २३. पबमेडवर जेमतेम ६०. आडनाव आपल्याकडे गल्लोगल्ली सापडणारे आहे, त्यामुळे दुसऱ्यांचे लेखही मिसळले असावेत. अर्जात कोणता आकडा द्यायचा?

सूचीकार:
१४० आणि ६४ मधला फरक बहुतेक परिषदांच्या ॲबस्ट्रॅक्टचा (गोषवाऱ्यांचा) आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या डिसेंबरमधल्या अधिवेशनाचे ॲबस्ट्रॅक्ट नोव्हेंबरात 'ब्लड' या नियतकालिकाच्या पुरवणी अंकात छापले जातात. युरोपियन हिमॅटॉलॉजी असोसिएशनचे 'हेमास्फिअर' या नियतकालिकाच्या पुरवणीत येतात. वेब ऑफ सायन्स त्यांना 'मीटिंग ॲबस्ट्रॅक्ट' म्हणून नोंदवते. स्कोपस असे ॲबस्ट्रॅक्ट घेत नाही आणि 'ब्लड'च्या त्या पुरवण्या पबमेडवरही नसतात. स्कॉलर मात्र सापडेल ते उचलतो: प्रीप्रिंट (छपाईआधी खुला केलेला मसुदा), प्रबंध, कधी नुसती संदर्भयादीतली ओळसुद्धा.

वेब ऑफ सायन्समध्ये 'डॉक्युमेंट टाइप'च्या चाळणीत फक्त 'आर्टिकल' आणि 'रिव्ह्यू' ठेवा. नोंदी झपाट्याने कमी होतील, पण एच-इंडेक्स फारसा हलणार नाही, कारण ॲबस्ट्रॅक्टना सायटेशन (इतर लेखांत दिलेले संदर्भ) क्वचितच मिळतात. बिघडते ती दर लेखामागच्या सायटेशनची सरासरी: शून्य सायटेशनच्या पन्नास-साठ नोंदी भागाकारात बसल्या की चांगल्या संशोधकाचे काम दुबळे दिसते.

ॲबस्ट्रॅक्ट आणि त्याच अभ्यासाचा नंतरचा पूर्ण लेख स्कॉलरमध्ये 'मर्ज' (एकत्र) करू नका. शीर्षक सारखे असले तरी डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) वेगळा, आकडेवारी वेगळी, बऱ्याचदा रुग्णसंख्याही वेगळी असते. प्रीप्रिंट आणि त्याचा छापील लेख एकत्र करायला हरकत नाही.

रक्तपेशी:
नावाचा गुंता आधी सोडवा, मग आकडे बघा. क्रम असा ठेवा:

१. संशोधकांकडून त्यांचा सोळा अंकी ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) घ्या. नसेल तर त्यांनाच काढायला सांगा, परस्पर काढू नका.

२. पबमेडमध्ये नुसते आडनाव-आद्याक्षर शोधून थांबू नका, जोडीला संस्थेचे नाव घाला. नावे सगळ्या रूपांत शोधावी लागतात: टाटा मेमोरियल हॉस्पिटल, टाटा मेमोरियल सेंटर, खारघरचे ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचेच संशोधन केंद्र), होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट. एकाच माणसाच्या लेखांवर यातले काहीही असू शकते.

३. स्कोपसवर एका व्यक्तीचे दोन-तीन ऑथर आयडी तयार झालेले असतात. मधले नाव कधी लिहिले, कधी गाळले, किंवा लग्नानंतर आडनाव बदलले, की नवा आयडी. ते एकत्र करण्याची विनंती मोफत पाठवता येते. ती मान्य होईपर्यंत एच-इंडेक्स खरा नाही.

४. स्कॉलर प्रोफाइलमध्ये आपोआप लेख जोडणारी सोय बंद करून 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा. नाहीतर त्याच आडनावाच्या एखाद्या दंतवैद्याचे लेख पुन्हा येऊन बसतील.

आकडा कोणताही द्या, शेजारी स्रोत आणि तारीख हवीच. 'एच-इंडेक्स २३, स्कोपस, अमुक तारखेला पाहिला' असे लिहा. स्कॉलरची सायटेशन आणि स्कोपसची लेखसंख्या एकाच ओळीत आली की तपासणाऱ्याचा पूर्ण सूचीवरचाच विश्वास उडतो.

वाचनकक्ष:
ॲबस्ट्रॅक्ट वेगळे काढले, खूप फरक पडला. आता दोन शंका. एका बहुकेंद्री चाचणीच्या लेखात यांचे नाव पबमेडवर 'कोलॅबोरेटर्स'खाली दिसते. आणि एकूण सायटेशनपैकी निम्म्याहून जास्त एकाच मार्गदर्शक शिफारशींच्या लेखाची आहेत.

सूचीकार:
कोलॅबोरेटर म्हणजे लेखक नव्हे. रुग्ण नोंदवणाऱ्या केंद्रांच्या तपासनीसांची ती यादी असते. सूचीत 'सहभागी तपासनीस' असा वेगळा विभाग करून तिथे नोंदवा. हे काम मोलाचे आहे, लपवायचे कारण नाही, पण लेखांच्या संख्येत धरायचे नाही.

शिफारशींच्या लेखाबद्दल: रक्तकर्करोगात हे नेहमीचेच आहे. २०१६ साली 'ब्लड'मध्ये आलेले जागतिक आरोग्य संघटनेचे मायलॉइड वर्गीकरण किंवा युरोपियन ल्युकेमिया नेटच्या एएमएल (तीव्र मायलॉइड ल्युकेमिया) शिफारशी घ्या. निदानाचा निकष सांगताना जो तो त्यांचाच संदर्भ देतो, म्हणून सायटेशन हजारांत जातात. अर्जात एकूण सायटेशनच्या खाली 'शिफारशींचा लेख वगळून' हा दुसरा आकडाही द्या. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये स्वतःची सायटेशन वगळण्याची सोय आहे, तोही आकडा घ्या.

रक्तपेशी:
यात भर म्हणून आयसाइट वापरा. अमेरिकेच्या एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) चे मोफत साधन आहे, पबमेडचे क्रमांक चिकटवले की प्रत्येक लेखाचे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळते. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षाच्या, एनआयएच-अनुदानित मधल्या लेखाइतका प्रभाव. दुर्मीळ लिम्फोमावरचा ४० सायटेशनचा लेख इथे न्याय्य दिसतो, एच-इंडेक्समध्ये तो बुडतो.

सूची पक्की करण्याआधी प्रत्येक डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या लेखांच्या, डेटाबेसमध्ये तपासा. २०२३ पासून तो क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुला आहे.